हल्ली मुक्काम

बेलीफ म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो. माझ्या सख्ख्या जावयाला लग्नानंतर कितीतरी वर्षं वाटत होतं की सासरेबुवा कोर्टाच्या दारात उभे राहून पुकारा करतात. पुकारा करणारा शिपाई वेगळा. बेलीफ कोर्टात बसतच नाही. कोर्टानं काढलेला कागद, मग तो समन्स असो, नोटीस असो की आदेश, ज्याच्या नावाचा आहे त्याच्या हातात नेऊन द्यायचा, त्याची सही नाहीतर अंगठा घ्यायचा आणि परत येऊन अहवाल लिहायचा, एवढंच त्याचं काम. याला बजावणी म्हणतात. आमच्याकडचे जुने लोक अजून तामील म्हणतात, निजामाच्या काळापासूनचा शब्द आहे. खांद्याला पिशवी, पिशवीत शाईचा पॅड, डिंकाची बाटली आणि दुपारची भाकरी. डिंक कशाला, तर माणूस घर बंद करून पळाला की दोन पंचांसमक्ष कागद दारावर डकवायचा.

सगळी नोकरी मी औरंगाबादच्या कोर्टात काढली. आता शहराचं नाव बदललं, पण माझ्या सेवापुस्तकावर औरंगाबादच आहे. आमचं स्वागत कुणी करत नाही. बेलीफ दिसला की जिवंत माणूस वारलेला असतो, गावातला माणूस परगावी असतो आणि समोर उभा असलेला स्वतःचा धाकटा भाऊ असतो. गुलमंडीवर एक कापडवाले शेठ होते. गडी दर वेळी सांगायचा, "शेठ सुरतला गेलेत." मी पिशवी बाहेर ठेवली, गिऱ्हाईक होऊन आत बसलो आणि शर्टाच्या कापडाचा असा काही भाव पाडून मागितला, की ते न सोसून आतल्या खोलीतून शेठच ओरडत बाहेर आले. "अहो, एवढ्यात तर धागासुद्धा येत नाही!" मी म्हटलं, "सुरतेहून लवकर आलात, इथं सही करा." बिचारे हसले आणि त्यांनी सही केली. कापडही मी घेतलं, त्यांच्या भावानं.

या गमती दिवाणी कामातल्या. जमिनीचा दावा, भाडेकरूचा दावा, कागद आज नाही पोचला तर पुढच्या तारखेला पोचेल. मग घरगुती हिंसाचाराचा कायदा आला आणि आमच्या पिशवीत वेगळे कागद यायला लागले. मारहाण होणारी बाई कोर्टात अर्ज करते. प्रसंग बाका आहे असं वाटलं तर न्यायाधीश नवऱ्याची बाजू ऐकायलाही थांबत नाहीत, त्याच दिवशी अंतरिम आदेश देतात. नवऱ्यानं तिच्या जवळ जायचं नाही, तिला घराबाहेर काढायचं नाही, लेकरू तिच्यापासून न्यायचं नाही, असं काय काय पुढच्या तारखेपर्यंत. पण त्या माणसाला कळेपर्यंत त्या आदेशात जीव नसतो. जमिनीचा कागद लोणच्यासारखा, मुरला तरी चालतो. हा दुधासारखा, त्याच दिवशी पोचवावा लागतो. खरं तर या कामाला संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, पण एकेका बाईच्या गळ्यात किती तालुके बांधणार? म्हणून पुष्कळ आदेश आमच्याकडं यायचे.

मला त्या कामाचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू? एका गुरुजींना आदेश दिला, तर त्यांनी खिशातला लाल पेन काढून आधी त्यातले तीन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि मग सही केली. बायको बॅग घेऊन माझ्यामागं पायरीवर उभी होती. गुरुजी बाजूला सरकले आणि ती आत गेली. त्या दिवशी मला वाटलं, आपण नुसते टपालवाले नाही. हेच वाटणं पुढं नडलं.

आता जे सांगतो त्यातली नावं मी बदलली आहेत. गल्लीचं नाव सांगणार नाही.

सविता कन्नडला दिलेली मुलगी. नवरा विलास, स्टँडवर स्वतःची जीप चालवायचा, सीटा भरून औरंगाबादला आणायचा. मारायचा. किती आणि कशानं ते अर्जात होतं, इथं नको. एक दिवस तो जीप घेऊन गेला आणि सविता चार वर्षांच्या लेकीला, श्रावणीला, कडेवर घेऊन एसटीनं निघाली, ती चिकलठाण्याला थोरल्या बहिणीकडं आली. बहीण मंगल आणि तिचे मालक भानुदास, दोन खोल्यांत राहायचे, भानुदास तिथल्याच एका कंपनीत फिटर. ही बहीण तिथं राहायला आली आहे हे विलासला ठाऊक नव्हतं. त्याच्या मते मंगल जालन्याला होती.

सकाळी अर्ज झाला आणि दुपारच्या आत आदेश हातात आला. आमचे नाझर सिद्दीकी साहेब. नाझर म्हणजे आम्हा सगळ्या बेलिफांचा मुकादम, कुणी कुठला कागद न्यायचा ते तो ठरवतो. कागद मराठी आणि जीभ दखनी, असा माणूस. मला म्हणाले, "मियाँ, कन्नड जाना है. आज के आज तामील होना. बच्ची का मामला है."

व्हरांड्यात सविता उभी होती, पोरगी तिच्या पदराला धरून. मी पिशवी भरताना पाहिलं तशी जवळ आली.

"काका, तुमीच जाणार का?"

"हो."

"मी कुठं हाय ते त्यांला ठाव नाय. तुमी सांगू नका बरं. लई गोड बोलून काढून घेत्येत."

मी म्हटलं, "बाई, आजवर भल्याभल्यांना माझ्या तोंडून काही काढता आलं नाही. निर्धास्त राहा. एकदा कागद हातात पडला की कोर्ट तुमच्या पाठीशी."

"कागद पडल्यावर न्हाई ना येणार ते?"

"नाही येणार," मी ठोकून दिलं. पोरीच्या गालाला हात लावला आणि निघालो.

आदेशासोबत अर्जाची एक प्रत जोडायची असते, कारण आपल्यावर काय आरोप आहेत हे समोरच्याला कळलं पाहिजे. न्यायाचंच आहे ते. त्या अर्जाच्या पहिल्या पानावर दोन पत्ते असतात. वर अर्जदाराचा, खाली गैरअर्जदाराचा, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याचा. बेलिफाची नजर थेट खालच्या पत्त्यावर जाते. आपल्याला जायचंय तिथं. वरचा पत्ता आम्ही वाचत नाही, बैलाला झापड असावी तसं होऊन जातं. इतक्या वर्षांत मी अर्जदाराचा पत्ता एकदाही वाचला नव्हता. वाचायचं कारणच काय?

कन्नडला बाजाराचा दिवस होता. जीपच्या स्टँडवर विलास लगेच सापडला. मी मनातून तयारीत होतो, पण माणूस अगदी सरळ निघाला. तंबाखू थुंकून आला, हात पुसले, "बसा साहेब, च्या सांगू का?" म्हणाला. ज्याला कागद द्यायचा त्याच्याकडं पाणीसुद्धा प्यायचं नाही हा माझा नेम, म्हणून नको म्हटलं. आदेश समजावून सांगितला. बायकोजवळ जायचं नाही, फोन करायचा नाही, लेकरू न्यायचं नाही, मोडलंत तर अटक होईल. तो मान हलवत होता.

"व्हय साहेब. कोर्टाच्या म्होरं कोण जातंय?"

मग त्यानं अर्ज हातात घेतला. पहिलं पान उघडलं आणि तिथंच थांबला. पान उलटलंच नाही. चांगला वेळ एकाच जागी बघत होता. मला वाटलं, शिक्षण कमी, अक्षर लावून वाचतोय. आतली पानं, ज्यात त्यानं केलेलं सगळं लिहिलं होतं, त्यानं पाहिलीसुद्धा नाहीत.

"ह्ये माझ्याकडंच ठिवायचं का?"

"तुमचीच प्रत आहे ती."

"बरं झालं साहेब तुमी आलात. काईच कळंना झालं होतं मला."

त्यानं झोकदार सही केली. मी खुशीत स्टँडच्या लिंबाखाली बसून भाकरी खाल्ली. कसा मवाळ माणूस, कोर्टाचा कागद पाहून वठणीवर आला, असं मनात आलं. हे आठवलं की आजही माझी मला लाज वाटते.

हात धुवून उठलो तर त्याची जीप जागेवर नव्हती. शेजारचा ड्रायव्हर कुरकुरत होता, "नंबर लागलेला सोडून गेला येडा. रिकामी गाडी घेऊन गेला औरंगाबादला." स्टँडवर लागलेला नंबर कुणी सोडत नाही, बाजाराच्या दिवशी तर नाहीच. मला तिथंच कळायला हवं होतं. मी एसटीत चढलो आणि खिडकी मिळाली म्हणून खूश झालो.

अहवालाचा मजकूर बसमध्येच लिहून काढायची माझी सवय. कोर्टाची स्थळप्रत, म्हणजे दप्तरी ठेवायची प्रत, मांडीवर घेतली. नाव नीट उतरवावं म्हणून पहिलं पान उघडलं आणि वर नजर गेली. सविता अमुक, वय अमुक, रा. कन्नड, ह. मु. चिकलठाणा. पुढं गल्ली, पुढं घरमालकाचं नाव, आणि कंसात मारुतीच्या देवळामागं. ह. मु. म्हणजे हल्ली मुक्काम. वकिलाच्या टायपिस्टनं कर्तव्य म्हणून खाणाखुणांसकट लिहिला होता.

माझ्या तोंडून काही निघणार नाही असं सांगून मी तिचा पत्ता त्याच्या हातात ठेवला होता, वर त्याची पोच घेतली होती.

मोबाइल होता, पण तिचा नंबर कुठला असणार माझ्याकडं? सिद्दीकी साहेबांना लावला. वेरूळच्या आसपास लागला. मी सांगितलं. ते म्हणाले, "या अल्ला. मैं पुलिस को बोलता. तुम सीधे उधरीच जाव." बस वेरूळला थांबली, खुलताबादला थांबली, कंडक्टर खाली उतरून कुणाशी तरी बोलत बसला. मी त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला, "ओ काका, इमान गाठायचंय का?"

चिकलठाण्याला देवळामागं पोचलो तेव्हा दारात बायका जमलेल्या होत्या. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. पोरगी गल्लीत खेळत होती. बापानं हाक मारली, ती धावत गेली, त्यानं उचलून जीपमध्ये बसवलं आणि गेला. समोरच्या बाईनं पाहिलं, पण बापच तो, तिला काय वाटणार? सविता उंबऱ्यावर बसली होती. मला बघून उठली.

"काका, कागद पोचला न्हाई का अजून?"

"पोचला," मी म्हटलं.

"मग?"

तिनंच पुढं विचारलं, "त्यांला हितला पत्ता कुणी सांगितला?"

नेमके त्याच वेळी भानुदास पाळीवरून घरी येत होते, हातात डबा. काय झालंय ते त्यांना ठाऊकही नव्हतं. दोन दिवसांपूर्वी ते मंगलला म्हणाले होते की दोन खोल्यांत आपण किती जण मावणार आहोत. सविताच्या कानावर ते गेलं होतं. ती त्यांच्याकडं वळली.

"दाजी, तुमीच सांगितलं. तुमाला आमी जड झालो होतो!"

"मी? आगं, मी कशाला सांगू? श्रावणीची आण," भानुदास म्हणाले. पण घाबरलेला माणूस खरं बोलला तरी खोटं वाटतं. मंगल नवऱ्याकडं बघत राहिली.

उत्तर माझ्या पिशवीत होतं. पान उघडून दाखवायचं आणि म्हणायचं, बाई, हे बघा, यांनी नाही, हे मी केलं. एवढंच. मी पिशवीचा बंद घट्ट धरून उभा राहिलो. चौकशी लागेल, खुलासा द्यावा लागेल, नोकरीची चार वर्षं राहिलीत, हे सगळं त्या क्षणात डोक्यात आलं. खरं सांगू? हे नसतं आलं तरी बोललो असतो की नाही, माहीत नाही. तिनं मला काका म्हटलं होतं. तिच्या नजरेतून उतरायचं धाडस झालं नाही. पोलिस आले, मी बाजूला झालो.

दुसऱ्या दिवशी सिद्दीकी साहेब मला म्हणाले, "कागज में जो लिखा था वो तुमने पहुँचाया. पहुँचाना तुम्हारा काम." नियमानं बरोबर होतं. माझ्या अहवालात खोट काढायला जागा नव्हती. आदेश व अर्जाची प्रत समक्ष दिली, सही घेतली, बजावणी पूर्ण. तिच्या वकिलांच्याही लक्षात आलंच असणार. ते बोलले नाहीत, मी बोललो नाही, साहेब बोलले नाहीत. तिघं शहाणे.

विलासनं जीप विकली आणि तो गायब झाला. मुलगी हजर करण्याचे आदेश निघत गेले. ते घेऊन पोलिसांबरोबर मीच जायचो, मागून घ्यायचो ते काम. कन्नडच्या घाटाखालची गावं पालथी घातली. प्रत्येक वेळी परत येऊन लिहायचो, 'मिळून आला नाही'. दीड वर्ष गेलं. मग घाटापलीकडच्या एका वस्तीवर, त्याच्या बहिणीकडं पोरगी सापडली. बाप तिला तिथं टाकून कुठल्याशा साखर कारखान्यावर गेला होता.

कोर्टात ताबा दिला त्या दिवशी मी तिथं होतो. श्रावणी आत्याच्या गळ्याला मिठी मारून बसली होती. सवितानं हात पुढं केले तर पोरीनं तोंड फिरवलं. महिला पोलिसानं हळूहळू हात सोडवले. पोर "आत्या, आत्या" करून असं रडत होती की न्यायाधीशबाई उठून आत गेल्या. व्हरांड्याच्या टोकाला मंगल उभी होती, पिशवीत नवा फ्रॉक घेऊन. ती जवळ आली. सविता म्हणाली, "आक्का, तू नगं येऊ. तुझ्या घरनंच गेली होती ती." मंगलनं फ्रॉक बाकावर ठेवला आणि गेली. तो कुणीच उचलला नाही.

मी चार हातांवर होतो. ही दुसरी वेळ. तेव्हाही बोललो नाही.

एक मात्र केलं. त्यानंतर हातात आलेला प्रत्येक अर्ज मी वरपासून वाचला. हल्ली मुक्काम दिसला की वकिलाकडं परत. "साहेब, इथं तुमच्या ऑफिसचा पत्ता टाका, बाईचा नको." काही वकील चिडायचे, बेलीफ आम्हाला शिकवणार का म्हणून. मी म्हणायचो, "हो, शिकवणार." काहींनी ऐकलं. किती बायका त्यानं वाचल्या मला माहीत नाही, आणि त्याचा हिशेब सविताच्या नावावर वळता होत नाही.

निवृत्त झालो. तीन वर्षं धीर झाला नाही. मागच्या वर्षी चिकलठाण्याला गेलो. मंगलनं ओळखलं नाही. भानुदासांनी ओळखलं. आता चहा दिला तर पिणार होतो, पण आधी सांगून टाकलं, उभ्या उभ्याच. पान नव्हतं जवळ, नुसतं तोंडानं.

भानुदास खुर्चीवर बसले. गुडघे चोळू लागले. मग म्हणाले, "काका, ही कवा कवा माझ्याकडं बघायची ना, तवा मलाच वाटायचं, आपण खरंच बोललो का काय कुणाजवळ? कंपनीत, चहाच्या टपरीवर, कुठंतरी. लई येळा आठवून बघितलं."

मंगल आतल्या दारात उभी होती. नवऱ्याकडं बघायची तिची हिंमत होत नव्हती. मला म्हणाली, "आता सांगताय व्हय? माझी बहीण गेली, काका. आन ह्यांच्यासंगं मी कशी नांदले ते माझं मला ठाव." मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "आमाला सांगून काय? तिला सांगा."

"पत्ता द्या," मी म्हटलं.

"तिचा पत्ता कुणालाच न्हाई. पुण्याकडं हाय म्हंत्यात. ती कुणाला पत्ता देत न्हाई."

मी शोधायचा प्रयत्न केला. जुने वकील, कोर्टातली पोरं, कन्नडचे लोक, सगळ्यांना विचारलं. नाही लागला. आणि एका मर्यादेपुढं मी हात आवरला, कारण तिचा पत्ता शोधत हिंडणाऱ्या आणखी एका माणसाची तिला काय गरज?

माणसाचा ठावठिकाणा लागला नाही, दारही सापडलं नाही, तर कोर्ट शेवटी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतं. छापून आलं की त्याला पोचलं असं धरतात. वाचलं की नाही, ते कुणी बघत नाही. एवढ्यासाठीच या अंकाच्या संपादकांनी आठवणी मागितल्यावर मी हो म्हटलं, नाहीतर मी कुठला लेखक.

सविताबाई, नावं बदलली असली तरी तुम्हाला ओळखू येईल. तुमच्या दाजींनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. तुमचा पत्ता कन्नडच्या स्टँडवर मी माझ्या हातानं दिला. तुमच्या आक्का अजून त्याच दोन खोल्यांत राहतात.